बाल्टिमोर ओरिओल्स संघाची १९८८ मधील हंगाम-सुरुवात

बाल्टिमोर ओरिओल्स हा अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ आहे. १९८८ च्या हंगामाची सुरुवात या संघाने ओळीने २१ पराभवांनी केली. ४ एप्रिल ते २८ एप्रिल या पंचवीस दिवसांत त्याला एकही सामना जिंकता आला नाही. मेजर लीग बेसबॉलच्या इतिहासातील ही सर्वांत वाईट हंगाम-सुरुवात असून हा उच्चांक (किंवा नीचांक) आजही अबाधित आहे. २९ एप्रिल रोजी शिकागो येथे संघाने पहिला विजय मिळवला. हंगामाअखेर संघाच्या नावावर ५४ विजय आणि १०७ पराभव होते.

केवळ वाईट खेळाचा नमुना म्हणून या मालिकेची आठवण ठेवली जात नाही. हंगामाच्या आरंभीच्या आकड्यांवरून संघाविषयी किती अनुमान काढता येते, या बेसबॉलमधील जुन्या वादात तिचा दाखला वारंवार दिला जातो. शिवाय बाल्टिमोर शहराच्या दृष्टीने त्या एप्रिलमध्ये प्रश्न हरण्या-जिंकण्यापेक्षा मोठा होता : हा संघ शहरात राहणार की नाही, हाच प्रश्न होता.

पार्श्वभूमी

ओरिओल्स हा मूळचा सेंट लुईस शहरातील ब्राउन्स नावाचा संघ. तो १९५४ च्या हंगामापासून बाल्टिमोरला आला आणि मेरीलँडच्या राज्यपक्ष्याचे नाव त्याने घेतले. (मराठीत हळद्या म्हणून ओळखला जाणारा पक्षीही इंग्रजीत ओरिओलच म्हटला जातो, मात्र बाल्टिमोरचा ओरिओल वेगळ्या कुळातील आहे.) १९६६, १९७० आणि १९८३ या वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे : १९६८ ते १९८५ या सलग १८ हंगामांत संघाचे विजय पराभवांपेक्षा अधिक होते. बाल्टिमोरमधील एक संपूर्ण पिढी जिंकणारा संघ पाहतच मोठी झाली होती.

घसरण १९८६ मध्ये उघड झाली. त्या वर्षी ७३ विजय आणि ८९ पराभवांसह संघ आपल्या विभागात तळाला गेला. बाल्टिमोरला आल्यापासून अशी पाळी त्याच्यावर प्रथमच आली होती. निवृत्तीतून परतलेले नामवंत व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांनी त्या हंगामानंतर पद सोडले. त्यांच्या जागी कॅल रिपकेन (थोरले) यांची नेमणूक झाली. बेसबॉलमधील ‘व्यवस्थापक’ म्हणजे कार्यालयीन अधिकारी नव्हे. क्रिकेटमधील प्रशिक्षकाचे काम आणि कर्णधाराचे मैदानावरील बरेचसे निर्णय या एकाच व्यक्तीकडे असतात.

थोरले रिपकेन १९५७ पासून ओरिओल्स संस्थेत होते. आधी दुय्यम श्रेणीतील खेळाडू, मग तेथील व्यवस्थापक, नंतर मुख्य संघाचे साहाय्यक प्रशिक्षक असा त्यांचा तीस वर्षांचा प्रवास होता. त्यांचा थोरला मुलगा कॅल (धाकटे) संघाचा शॉर्टस्टॉप होता. जुलै १९८७ मध्ये दुसरा मुलगा बिली सेकंड बेसवर खेळू लागला. मेजर लीगमध्ये एकाच वेळी दोन मुलांचा व्यवस्थापक असलेले ते पहिलेच वडील ठरले. १९८७ चा निकाल मात्र आणखी घसरला : ६७ विजय, ९५ पराभव. हंगामानंतर संघाचा कारभार पाहणारे महाव्यवस्थापक हँक पीटर्स यांना जावे लागले आणि रोलंड हेमंड यांनी सूत्रे हाती घेतली.

शहराची धास्ती

बाल्टिमोरचा व्यावसायिक फुटबॉल संघ कोल्ट्स मार्च १९८४ मध्ये एका रात्रीत शहर सोडून गेला होता. मालक रॉबर्ट अर्से यांनी २८ मार्चच्या रात्री सामान ट्रकांमध्ये भरून संघ इंडियानापोलिसला हलवला. सकाळी शहर जागे झाले तेव्हा संघ उरला नव्हता. अमेरिकेत व्यावसायिक संघ ही मालकाची खाजगी मालमत्ता असते आणि लीगची संमती किंवा न्यायालयाचा कौल असेल तर मालक तो दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. या व्यवस्थेचा कटू अनुभव बाल्टिमोरला अगदी ताजा होता.

ओरिओल्सचे मालक एडवर्ड बेनेट विल्यम्स हे वॉशिंग्टनमधील प्रख्यात वकील होते. त्यांनी १९७९ मध्ये संघ विकत घेतला, तेव्हापासून ते तो वॉशिंग्टनला नेतील अशी भीती बोलली जात होती. १९७१ नंतर वॉशिंग्टनला स्वतःचा बेसबॉल संघ उरलेला नव्हता आणि दोन्ही शहरांतील अंतर साठ-पासष्ट किलोमीटरच आहे. त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नव्हती. जुन्या मेमोरियल स्टेडियमऐवजी नवे मैदान हवे, ही विल्यम्स यांची मागणी होती. पूर्वी शहराचे महापौर आणि १९८७ पासून मेरीलँडचे गव्हर्नर असलेले विल्यम डोनाल्ड शेफर यांनी नव्या मैदानाचा प्रश्न लावून धरला व राज्य विधिमंडळाने त्यासाठी निधीही मंजूर केला. भाडेकरार मात्र अजून व्हायचा होता.

पराभवांची मालिका

४ एप्रिल १९८८ रोजी घरच्या मैदानावर बावन्न हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर मिलवॉकी ब्रुअर्सने ओरिओल्सचा १२–० असा पराभव केला. एका सामन्यावरून कोणी निष्कर्ष काढत नाही. पण त्यानंतर मिलवॉकीविरुद्ध आणखी एक आणि क्लीव्हलँडमध्ये चार सामने संघ हरला. पहिल्या सहा सामन्यांत ओरिओल्सने ७ धावा केल्या, तर प्रतिस्पर्ध्यांनी ४३.

१२ एप्रिल रोजी थोरल्या रिपकेन यांना व्यवस्थापकपदावरून दूर करण्यात आले. हंगामाचे सहा सामने म्हणजे १६२ पैकी चार टक्केही नव्हेत. इतक्या लवकर व्यवस्थापक बदलण्याचा निर्णय तेव्हाही अनेकांना अन्यायाचा वाटला आणि पुढील पंधरा सामन्यांनी त्या मताला बळकटीच दिली. दोन्ही मुलांना मात्र वडिलांना काढणाऱ्या संघासाठी त्याच संध्याकाळी मैदानात उतरावे लागले. वडिलांचा ७ हा क्रमांक पुढे बिलीने स्वतःच्या पाठीवर घेतला.

नवे व्यवस्थापक फ्रँक रॉबिन्सन हे ओरिओल्सच्या सुवर्णकाळातील थोर फलंदाज होते. सरासरी, होमरन आणि धावा मिळवून देणे या तिन्हींत लीगमध्ये अव्वल राहण्याचा ‘तिहेरी मुकुट’ त्यांनी १९६६ मध्ये मिळवला होता. १९७५ मध्ये क्लीव्हलँडचे व्यवस्थापकपद स्वीकारून ते मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक बनले होते. त्यांच्या येण्याने निकाल बदलला नाही. पहिला सामना कॅन्सस सिटी रॉयल्सने ६–१ असा जिंकला. क्लीव्हलँडविरुद्ध एक सामना ११ डावांपर्यंत लांबला व ओरिओल्स तो १–० असा हरले. पिचरांनी कमाल करावी आणि फलंदाजांनी एकही धाव करू नये, असा तो दिवस होता. उलट कॅन्सस सिटीतील एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनीच १३ धावा कुटल्या. चांगली गोलंदाजी आणि चांगली फलंदाजी एकाच दिवशी जमून येण्याचे नावच नव्हते.

हंगामाच्या सुरुवातीस सर्वाधिक सलग पराभवांचा तोपर्यंतचा विक्रम १३ चा होता. १९०४ मध्ये वॉशिंग्टन आणि १९२० मध्ये डेट्रॉइट या संघांनी तो नोंदवला होता. १९ एप्रिल रोजी मिलवॉकीमध्ये ओरिओल्सने त्याची बरोबरी केली आणि दुसऱ्या दिवशी तो मागे टाकला. २८ एप्रिल रोजी मिनेसोटा ट्विन्सविरुद्धच्या ४–२ अशा पराभवाने संख्या २१ वर गेली. हंगामातील कोणत्याही टप्प्यावर सलग २० पराभव हा अमेरिकन लीगचा जुना विक्रमही त्यामुळे मोडला.

एव्हाना ही बातमी क्रीडापानांच्या बाहेर पोहोचली होती. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी रॉबिन्सन यांना दूरध्वनी केला. बाल्टिमोरमधील एका रेडिओ केंद्रावरील निवेदक बॉब रिव्हर्स यांनी संघ जिंकेपर्यंत प्रसारण न सोडण्याचा पण केला. एक-दोन दिवसांत सुटका होईल या हिशेबाने केलेला हा पण त्यांना २५८ तास पुरला.

आकडे काय सांगतात

बेसबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही आणि संघ जवळजवळ रोज खेळतात. उत्कृष्ट संघही हंगामात साठेक सामने हरतो आणि अगदी दुबळा संघही पन्नासेक जिंकतो. त्यामुळे इथे टक्केवारीची पट्टी अरुंद असते. क्रिकेट किंवा फुटबॉलमधील बलाढ्य संघाप्रमाणे दहापैकी नऊ सामने जिंकणारा संघ इथे आढळत नाही. याच कारणाने एप्रिलमधील गुणतक्त्याकडे जाणकार सावधपणे पाहतात. अगदी बरोबरीच्या ताकदीचा, म्हणजे निम्मे सामने जिंकण्याच्या क्षमतेचा संघ घेतला, तरी २१ सामन्यांत केवळ योगायोगाने त्याचे विजय आठ ते तेराच्या दरम्यान सहज हेलकावे खातात.

चांगल्या सुरुवातीही अशाच फसव्या असू शकतात. १९८७ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सने पहिले १३ सामने सलग जिंकले, पण ९१ विजय मिळवूनही तो संघ विभागात तिसरा आला. १९८२ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जनेही पहिले १३ सामने जिंकले. त्यांनी विभाग जिंकला खरा, पण ८९ विजयांवर. याउलट १९८४ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने पहिल्या ४० पैकी ३५ सामने जिंकले आणि शेवटी वर्ल्ड सिरीजही जिंकली. अर्थात उरलेल्या १२२ सामन्यांत त्याच टायगर्सचे ६९ विजय आणि ५३ पराभव झाले, हे सहसा सांगितले जात नाही.

ओरिओल्सच्या २१ सामन्यांत संघाने एकूण ४४ धावा केल्या आणि १२९ दिल्या. सामन्यामागे सुमारे २.१ विरुद्ध ६.१ असे हे प्रमाण पडते. केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून अपेक्षित विजय काढण्याचे एक सूत्र बेसबॉल-संख्याशास्त्राचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडले आहे. केलेल्या धावांच्या वर्गाला, दोन्ही बाजूंच्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. ओरिओल्सच्या बाबतीत उत्तर येते १०.४ टक्के, म्हणजे २१ सामन्यांत साधारण दोन विजय. याचा अर्थ संघ नुसता दुर्दैवी नव्हता. दैवाने त्याचे फार तर दोन विजय हिरावले. उरलेले एकोणीस पराभव धावांच्या हिशेबात चोख बसतात.

उरलेल्या हंगामाचे आकडे त्याच्याशेजारी ठेवले की चित्र अधिक स्पष्ट होते. संपूर्ण हंगामात संघाने ५५० धावा केल्या आणि ७८९ दिल्या. त्यातून पहिले २१ सामने वजा केले तर १४० सामन्यांत ५०६ धावा केल्या आणि ६६० दिल्या, म्हणजे सामन्यामागे ३.६ विरुद्ध ४.७. या १४० सामन्यांत ५४ विजय आणि ८६ पराभव झाले. विजयाचे प्रमाण ३८.६ टक्के. त्या गतीने पूर्ण हंगाम खेळला असता तर विजय ६२ च्या आसपास गेले असते. म्हणजे एप्रिल वगळला तरी हा संघ वाईटच होता, आदल्या वर्षीपेक्षाही थोडा अधिक. पण वाईट असणे वेगळे आणि २१ सामने सलग हरणे वेगळे. ३८.६ टक्के विजयक्षमतेच्या संघाने ठरावीक २१ सामने ओळीने हरण्याची शक्यता, प्रत्येक सामना स्वतंत्र मानल्यास, सुमारे अठ्ठावीस हजारांत एक इतकी येते. सामने पूर्णतः स्वतंत्र नसतात, आणि पराभवांचे ओझे वाढत गेले की खेळाडूंच्या मनावर त्याचा परिणाम होतो. हा हिशेब म्हणूनच ढोबळ मानावा लागतो.

इतर दुबळ्या संघांशी तुलना केली तरी हेच दिसते. १९६२ चा न्यूयॉर्क मेट्स संघ हंगामात १२० सामने हरला, पण त्याची पराभूत सुरुवात नऊ सामन्यांवर थांबली. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ पराभवांचा आधुनिक उच्चांक केला. पहिल्या २५ सामन्यांत त्यांच्याही नावावर तीन विजय होते; १९८८ च्या ओरिओल्सकडे तितक्याच सामन्यांनंतर दोन.

पहिला विजय आणि घरवापसी

२९ एप्रिल रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर व्हाइट सॉक्सविरुद्ध सामना होता. महाव्यवस्थापक हेमंड पूर्वी याच व्हाइट सॉक्समध्ये त्या पदावर होते. १९८३ मध्ये त्या संघाने विभाग जिंकला तेव्हा शॅम्पेनने भिजलेला आपला सूट त्यांनी या सामन्यासाठी पुन्हा अंगावर चढवला. पहिल्याच डावात एडी मरे यांनी दोन धावांचा होमरन मारला. धाकट्या रिपकेन यांनी होमरनसह चार हिट नोंदवल्या. मार्क विल्यमसन आणि डेव्ह श्मिट या पिचरांनी मिळून व्हाइट सॉक्सला एकही धाव करू दिली नाही. ओरिओल्स ९–० असे जिंकले.

पुढचे दोन्ही सामने संघ हरला. त्यामुळे २ मे रोजी तो बाल्टिमोरला परतला तेव्हा नोंद होती १ विजय आणि २३ पराभव. सोमवारच्या त्या संध्याकाळी टेक्सास रेंजर्सविरुद्धचा सामना पाहण्यासाठी मेमोरियल स्टेडियमवर ५०,४०२ लोक आले. तळाच्या संघासाठी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमलेली ही गर्दी पहिल्या दिवशीच्या सामन्याच्या जवळपास होती. त्याच कार्यक्रमात नव्या मैदानाच्या दीर्घ मुदतीच्या भाडेकराराची घोषणा करण्यात आली. संघ शहरातच राहणार, हे त्या रात्री निश्चित झाले. सामना ओरिओल्सने ९–४ असा जिंकला.

या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कितपत, यावर मतभेद संभवतात. करार आधीपासून वाटाघाटीत होता. पराभवांमुळे तो घडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र कोल्ट्स गेल्यानंतर चार वर्षांनी, सर्वांत वाईट अवस्थेतील संघासाठी पन्नास हजार लोक स्टेडियमवर आले, ही वस्तुस्थिती बाल्टिमोरच्या क्रीडा-इतिहासात त्या कराराइतकीच महत्त्वाची मानली जाते.

उर्वरित हंगाम आणि नंतर

संघ विभागात सातवा, म्हणजे शेवटचा आला. विजेत्या बोस्टनपेक्षा साडेचौतीस सामन्यांनी मागे. हंगाम चालू असतानाच नव्याने बांधणी सुरू झाली होती. जुलैअखेर अनुभवी पिचर माइक बॉडिकर यांना बोस्टनला देऊन ब्रॅडी अँडरसन आणि कर्ट शिलिंग हे दोन तरुण खेळाडू घेण्यात आले. डिसेंबरमध्ये मरे लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले. मालक विल्यम्स दीर्घकाळ कर्करोगाशी झुंजत होते. १३ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८९ च्या हंगामाचा पहिला सामना ओरिओल्सने बोस्टनविरुद्ध ११ डावांत ५–४ असा जिंकला. त्या वर्षी बहुतांशी नवख्या खेळाडूंच्या या संघाने ८७ विजय मिळवले आणि विभागाचे विजेतेपद अगदी शेवटच्या आठवड्यात टोरंटोकडे गमावले. रॉबिन्सन यांना अमेरिकन लीगमधील वर्षातील सर्वोत्कृष्ट व्यवस्थापकाचा सन्मान मिळाला. थोरले रिपकेन त्याच वर्षी थर्ड बेसचे प्रशिक्षक म्हणून संघात परतले. धाकट्या रिपकेन यांची मे १९८२ पासून सुरू असलेली सलग सामने खेळण्याची मालिका पराभवांच्या त्या महिन्यातही खंडित झाली नव्हती. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनी लू गेरिग यांचा २,१३० सामन्यांचा विक्रम मागे टाकला. तो सामना झाला कॅम्डेन यार्ड्सवर, म्हणजे २ मे १९८८ रोजी घोषित झालेल्या आणि ६ एप्रिल १९९२ रोजी खुल्या झालेल्या नव्या मैदानावर.

विक्रमांची आजची स्थिती

१९९७ मध्ये शिकागो कब्ज संघाने पहिले १४ सामने गमावले. नॅशनल लीगमधील हा हंगाम-सुरुवातीचा नीचांक असला तरी ओरिओल्सपेक्षा तो सात सामन्यांनी कमी आहे. १०७ हा बाल्टिमोरमधील ओरिओल्सच्या पराभवांचा उच्चांक २०१८ पर्यंत टिकला; त्या वर्षी संघ ११५ सामने हरला. सलग २१ पराभवांच्या अमेरिकन लीगमधील विक्रमाची बरोबरी व्हाइट सॉक्सने ऑगस्ट २०२४ मध्ये केली, परंतु ती मालिका हंगामाच्या मध्यावर जुलैत सुरू झाली होती.